राउटरमधले दोन आकडे

मुलगी चौथीत. मामाच्या जुन्या फोनवर फुकटचे गेम खेळता खेळता भलत्याच जाहिराती उघडायला लागल्या. एकदा फोन घेऊन आली, "बाबा, हे काय आहे?" तव्यावरची पोळी तशीच टाकून धावलो.

आधी ओरडलो, फोन कपाटात. दोन दिवसांनी कळलं, शेजारच्या ताईच्या फोनवर तिचं तेच चाललंय.

मग घरच्या वाय-फाय राउटरचं सेटिंग उघडलं (पासवर्ड त्याच्याच बुडाशी चिकटवलेला होता, तो आधी बदलला) आणि डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरले. ही क्लाउडफ्लेअर कंपनीची मोफत सोय. अश्लील आणि व्हायरसवाल्या साइटचा खरा पत्ता ती देतच नाही, म्हणून पान उघडत नाही. राउटर बंद-चालू केला, झालं. पण मोबाइल डेटावर राउटर बिचारा काय करणार? म्हणून त्या फोनमधलं सिम काढलं आणि मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणारं गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप टाकलं. आता नवं अ‍ॅप हवं असेल तर विनंती माझ्या फोनवर येते.

गेममधल्या चॅटला मात्र यातलं काहीच अडवत नाही. तिथे कुणीही अनोळखी माणूस फोटो मागू शकतो. सापडले तेवढे चॅट गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केले आणि लेकीला शब्द दिला, काहीही दाखवलंस तरी फोन काढून घेणार नाही.

गेल्या आठवड्यात एका नव्या गेममधला मेसेज तिने स्वतःहून दाखवला. "तू कुठे राहतेस?" एवढाच होता. दोघांनी मिळून ब्लॉक केला. १०९८, मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, फ्रिजवर लावलाय.