व्हर्च्युअल मशीनचा डिस्प्ले अडखळत असेल, तर तिन्ही ठिकाणी अपडेट करा

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) दुसऱ्या संगणकावरून वापरताना विंडो सरकवली की चित्र मागे रेंगाळत असेल, तर नेटवर्कला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या तपासाव्यात. होस्टवरील (ज्या प्रत्यक्ष संगणकावर ते मशीन चालते, त्यावरील) हायपरवायझर म्हणजे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, गेस्टमधील (व्हर्च्युअल मशीनच्या आतील) डिस्प्ले ड्रायव्हर आणि आपल्या संगणकावरील क्लायंट म्हणजे त्या मशीनशी जोडणारे अ‍ॅप हे तिन्ही अद्ययावत असावे लागतात. त्यांपैकी गेस्टमधील ड्रायव्हरच बहुधा राहून जातो. व्हर्च्युअलबॉक्स (असाच एक हायपरवायझर) अपडेट केल्यावर गेस्टमधील ड्रायव्हर पुरवणाऱ्या गेस्ट अ‍ॅडिशन्सही त्याच आवृत्तीच्या बसवून मशीन पुन्हा सुरू करावे. विंडोज १० आणि विंडोज सर्व्हर २०१६ च्या काळात आरडीपीमध्ये (दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप वापरण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोटोकॉलमध्ये) एव्हीसी ४४४ ही चित्र संकुचित करून पाठवण्याची पद्धत आली, जिच्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवरील बारीक अक्षरे स्पष्ट उमटतात. मात्र सर्व्हर आणि क्लायंट दोघांनाही ती चालत असेल, तरच तिचा लाभ मिळतो. अपडेटपूर्वी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची जतन केलेली नोंद) अवश्य घ्यावा.