वेल्ड जॉइंटचा माग: आयसोपासून टेस्ट पॅकपर्यंत

हायड्रो टेस्टच्या (पाइपमध्ये पाणी भरून दाब देण्याची चाचणी) आदल्या रात्री वेल्ड रजिस्टर भरायला बसलं की गाडी एकाच प्रश्नावर अडते: या जॉइंटचा रूट (वेल्डचा सगळ्यात आतला पहिला थर) कोणी मारला? तोवर वेल्डर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि पाइपवर प्रायमर चढलेला असतो. म्हणून नोंद व्हायला हवी ती जॉइंट होतो त्याच दिवशी, पाइपजवळ उभं राहून.

आयसो (पाइपलाइनचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग) फॅब्रिकेशनला देण्याआधी त्यावरच्या प्रत्येक जॉइंटला नंबर द्या. शॉपमधल्याला एस, साइटवरच्याला एफ (फील्ड). बट (टोकाला टोक) जॉइंट कोणी विसरत नाही. सॉकेट, ब्रँच आणि सपोर्टचे पॅड हमखास सुटतात. आयसोची रिव्हिजन आली तर नवे जॉइंट पुढच्या नंबरांवर घ्या. रद्द झालेला नंबर पुन्हा कधीही वापरू नका. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, पुसलं जात नाही. रजिस्टरमध्येही तेच करा.

हीट नंबर (स्टील कोणत्या वितळणीचं हे सांगणारा मिलचा नंबर) पाइप कापण्याआधी दुसऱ्या तुकड्यावर उतरवा, कापल्यावर नाही. मिलचा छापा ज्या तुकड्यावर राहिला तो स्पूलमध्ये (आधी जोडून तयार केलेल्या पाइपच्या भागात) जातो आणि उरलेला दीड मीटर बिननंबरी पडून राहतो. तो तुकडा कोणत्या टेस्ट सर्टिफिकेटचा हे मग सांगता येत नाही, त्यामुळे लाइनमध्ये वापरू नका. स्टेनलेसवर कमी क्लोराइडचा मार्कर वापरा. पी११ (क्रोम-मॉली अलॉय स्टील) आणि साधा कार्बन स्टील पाइप नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत, तिथे पीएमआय (उपकरणाने धातूतले घटक तपासणं) कराच.

फिट-अप (वेल्डिंगआधीची जुळणी) तपासताना दोन्ही बाजूंचे हीट नंबर, डब्ल्यूपीएस (मंजूर वेल्डिंग पद्धतीचा कागद) नंबर, रूट गॅप (दोन टोकांमधली फट) आणि हाय-लो (दोन पाइपच्या कडांमधला वर-खाली फरक) लिहा. वेल्डिंगनंतर जॉइंटपासून साधारण ५० मिमीवर पेंट मार्करने लाइन नंबर, जॉइंट नंबर, वेल्डर नंबर, तारीख. रूट टिग वेल्डिंगने एकाने आणि फिल-कॅप (वरचे थर) ७०१८ इलेक्ट्रोडने दुसऱ्याने केलं असेल तर दोघांचेही नंबर हवेत. सोबत फिलरचा बॅच नंबर आणि इलेक्ट्रोड बेकिंगच्या रजिस्टरची तारीख. वेल्डरने ती प्रोसेस सहा महिन्यांत वापरलेली नसेल तर एएसएमई सेक्शन ९ (वेल्डर पात्रतेची संहिता) नुसार त्या प्रोसेसची त्याची पात्रता संपते. कोणी कोणती प्रोसेस शेवटची कधी वापरली याची यादी दर महिन्याला पाहा.

सगळ्यात जास्त घोळ रेडिओग्राफीत (एक्स-रेसारखी फिल्म काढून वेल्ड तपासण्यात) होतो. फिल्मचा शून्य बिंदू आणि मोजण्याची दिशा पाइपवर पक्की खूण करून दाखवा. ६ इंची पाइपचा घेर सुमारे ५२९ मिमी असतो. फिल्मवर दोष १४० मिमीवर दिसतो, पण पाइपवर शून्य कुठे हेच माहीत नसेल तर ग्राइंडर भलत्याच जागी चालतो, चांगला वेल्ड कापला जातो आणि दोष आत तसाच राहतो. रिपेअरच्या फिल्मवर एफ-१२ आर१ असं लिहा. पूर्ण कापून नव्याने केला तर एफ-१२ सी१. मध्ये तुकडा घातला तर एकाचे दोन जॉइंट होतात: एफ-१२ए आणि एफ-१२बी, आणि तुकड्याचा हीट नंबर वेगळा.

एएसएमई बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगची संहिता) मध्ये नॉर्मल फ्लुइड सर्व्हिसला (सर्वसाधारण वर्गातल्या लाइनला) किमान ५ टक्के बट जॉइंटची रेडिओग्राफी (किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी) लागते, आणि तीत प्रत्येक वेल्डरचं काम यायला हवं. एक जॉइंट नापास झाला की त्याच लॉटमधले (तपासणीसाठी एकत्र धरलेल्या जॉइंटच्या गटातले) त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासायचे. वेल्डर नंबर चुकीचा लिहिला असेल तर हे दोन जॉइंट भलत्याच माणसाचे निघतात, आणि ज्याचं काम खराब आहे त्याचं कोणी पाहत नाही. एका अंकाच्या चुकीची एवढी मोठी किंमत कामात दुसरीकडे क्वचितच असते. पी११ सारख्या अलॉयमध्ये ही तपासणी पीडब्ल्यूएचटीनंतरची (वेल्डिंगनंतर तापवून ताण काढल्यानंतरची) लागते, तेव्हा त्याच्या तापमान चार्टवरची आणि फिल्मवरची तारीख जुळवा.

एक्सेलमध्ये एक जॉइंट, एक ओळ. रिपेअरला खाली नवी ओळ. दर आठवड्याला दहा जॉइंट पाइपवरून वाचून रजिस्टरमध्ये शोधा आणि दहा रजिस्टरमधून निवडून पाइपवर शोधा. एकाच बाजूने पाहिलं तर नोंदच न झालेले जॉइंट सापडत नाहीत.

टेस्ट पॅकमध्ये (हायड्रो टेस्टच्या कागदांच्या संचात) मार्क केलेला आयसो, वेल्ड लॉग, एनडीटीचे (न कापता केलेल्या तपासण्यांचे) रिपोर्ट, पीडब्ल्यूएचटी चार्ट आणि पंच लिस्ट (उरलेल्या कामांची यादी) लावा. आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) लागू असलेली स्टीम लाइन असेल तर पाइपचा फॉर्म ३-ए (उत्पादन आणि चाचणीचं प्रमाणपत्र) आणि वेल्डरचं आयबीआर प्रमाणपत्रही लागतं. इन्सुलेशन चढण्याआधी प्रत्येक एफ जॉइंटचं जवळच्या फ्लँजपासूनचं अंतर आयसोवर मिमीमध्ये लिहा, म्हणजे पुढे गळती शोधताना सगळं क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचा पत्रा) उघडावं लागणार नाही.