विसरलेला बरोक ऑपेरा जुन्या थिएटरात परत उभा करायचाय? आधी बिल्डिंग बघा

बरोक ऑपेरा, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या काळातलं युरोपातलं संगीत नाटक, परत करायचा म्हटलं की सगळे आधी गायक शोधायला लागतात, कोण गाणार, तारखा कधीच्या मिळणार वगैरे. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी थिएटर बघा. थिएटर खरंच जुनं असेल तर कुठला ऑपेरा, किती वादक, कुठला महिना हे सगळं ती वास्तूच ठरवते आणि तिच्याशी भांडून काही हाती लागत नाही.

स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोम राजवाड्याचं थिएटर घ्या. १७६६ चं. १७९२ मध्ये राजा गुस्ताव तिसरा मारला गेला आणि नंतर ते जवळजवळ तसंच पडून राहिलं, १९२१ साली आग्ने बायर नावाचा अभ्यासक एक पेंटिंग शोधायला आत गेला तर पडदे, दोरखंड, लाकडी यंत्रं सगळं जागच्या जागी. आजही तिथे प्रयोग उन्हाळ्यातच होतात, कारण आत हीटिंग नाही. म्हणजे डिसेंबरचं प्लॅनिंग घेऊन गेलात तर विषय तिथेच संपला. म्हणून पहिली मीटिंग डायरेक्टरबरोबर नको, वास्तू सांभाळणाऱ्या माणसांबरोबर घ्या. स्टेजवर वजन किती चालतं, खिळा ठोकता येतो का (बहुतेक ठिकाणी नाहीच), लाइटची उष्णता किती चालेल, लोक बसल्यावर हवेतला ओलावा किती वाढतो, हे सगळं विचारून लिहून घ्या. जर्मनीतल्या बायरॉइटचं मार्ग्रेव्ह ऑपेरा हाउस १७४८ चं, आतून सगळं लाकूड आणि रंगवलेलं कॅनव्हास, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं आणि मग दुरुस्तीसाठी २०१८ पर्यंत बंद होतं. इतकी वर्षं खपून जपलेल्या भिंतींना तुमच्या एका सीनसाठी ओरखडा पडला तर काय उपयोग.

आता ऑपेरा कुठला निवडायचा. विसरलेला म्हणजे टाकाऊ, असं अजिबात नाही. त्या काळी दर सीझनला लोकांना नवं संगीत लागायचं, गोष्ट तीच आणि संगीतकार दुसरा. मेतास्तासिओ या कवीने लिहिलेलं ‘अलेस्सांद्रो नेल इंदिए’ बघा, ही आपल्या पोरस राजाची आणि सिकंदराची गोष्ट. संगीतकार लिओनार्दो विंचीने (चित्रकार दा विंची वेगळा) १७३० मध्ये रोममध्ये केलं, तो त्याच वर्षी वारला, पुढच्याच वर्षी हेंडेल आणि हास्से दोघांनी याच गोष्टीवर आपापले ऑपेरे आणले. विंचीचा ऑपेरा २०२२ मध्ये बायरॉइटला परत झाला, सगळी पात्रं पुरुषांनीच केली, कारण विंचीच्या काळी रोममध्ये बायकांना स्टेजवर बंदी होती. ज्यांच्या घरात बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निवड झाली की कागदाचं काम, आणि इथे घाई करूच नका. छापलेला लिब्रेटो, म्हणजे ऑपेऱ्याची संहिता, बऱ्याचदा मिळतो, संगीत मात्र हस्तलिखितात आणि तेही अर्धंमुर्धं. विवाल्दीचा ‘मोतेझुमा’ २००२ मध्ये बर्लिनच्या झिंगअकाडेमी या जुन्या गायनसंस्थेच्या संग्रहात ओळखला गेला, तर त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही गायब होते. वर हक्कावरून कोर्टकचेरी झाली, २००५ मध्ये इटलीतल्या एका फेस्टिव्हलला ऐनवेळी ते संगीत वाजवता आलं नाही, आणि शेवटी २००९ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने संग्रहाच्या विरोधात निकाल दिला. म्हणून ज्या लायब्ररीची प्रत आहे तिची परवानगी आधी लेखी घ्या.

स्कॅनवर पूर्ण विश्वास ठेवू नका. मी एका एरियाची (ऑपेऱ्यातल्या एकट्याने गायच्या गाण्याची) प्रत उतरवत होतो तेव्हा व्हायोलिनच्या ओळीत एक स्वर सारखा खटकत होता, चाल बिघडत होती, तीन दिवस मी त्यावर काहीबाही तर्क लढवत बसलो. शेवटी मूळ कागद उजेडासमोर धरून बघितला तर तो स्वर नव्हताच, मागच्या पानाची शाई इकडे उतरली होती. त्या शाईत लोह असतं, ती कागद खात खात आरपार जाते. शंका आली की मूळ पान बघायला मिळतं का ते विचारा.

मग काटछाट. पूर्ण केलं तर चार-पाच तास सहज जातात, आजच्या प्रेक्षकाला जड होतं. माझं मत ठाम आहे: रेसिटेटिव्ह, म्हणजे गाण्यांमधले बोलल्यासारखे गायलेले संवाद, कमी करा, अगदीच गरज पडली तर आख्खा एरिया काढा, पण एरियाची पुनरावृत्ती कापू नका. पहिला भाग, मग वेगळा मधला भाग, आणि परत पहिला, तिथेच तर गायक स्वतःच्या जागा घेतो. नाट्यपद रंगात आल्यावर मुखड्यावर परत येताना गायकाला कोणी थांबवलं तर कसं वाटेल, अगदी तसंच आहे हे.

वाद्यं जुन्या पद्धतीची घ्या, आतड्याच्या तारांची. पट्टी आज बहुतेक जण ए ४१५ धरतात (ए हा स्वर ४१५ हर्ट्झवर, आजच्या नेहमीच्या ४४० च्या खाली), पण रोममध्ये तेव्हा त्याहून खाली होती आणि व्हेनिसला वर, त्यामुळे ऑपेरा कुठल्या गावचा ते बघून ठरवा, गायकाचा गळा वाचतो. आणि या तारा दमट हवेत लगेच सूर सोडतात, म्हणून प्रत्येक अंकाआधी सूर लावायला वेळ प्रोग्रॅममध्येच धरून ठेवा.

शेवटचं स्टेज. जुनी यंत्रं चालू असतील तर ती वापरा, प्रोजेक्शन नको. स्टेजखाली एक मोठा लाकडी रहाट असतो, माणसं तो फिरवतात आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्या रंगवलेल्या विंगा एकदम सरकतात, राजवाड्याचं जंगल होतं. लाटा म्हणजे पिळाचे आडवे लाकडी खांब हँडलने फिरवायचे, गडगडाट म्हणजे दगड भरलेली लांब पेटी तिरकी करायची. सीन बदलताना अंधार करू नका, लोकांसमोरच बदला, ते तसंच बघण्यासाठी केलेलं आहे. फक्त यासाठी गायकांशिवायची एक आख्खी दिवसाची रिहर्सल ठेवा, खाली दोरीवरची माणसं आणि वर हार्पसिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा) एवढेच, कारण रहाट कधी फिरवायचा हे खालच्यांना दिसत नाही, त्यांना ते कानानेच ओळखावं लागतं.