कोकणासाठी भाड्याची गाडी गावातून घेऊ नका

लातूर-नांदेडहूनच गाडी घेतली, की जाता-येता एकेक दिवस नुसता रस्त्यात जातो अन् किलोमीटरची मर्यादाही तिथंच खर्ची पडते. त्यापेक्षा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कोल्हापूर गाठा, सकाळी तिथून गाडी घ्या. आंबा घाट उतरून रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर.

१. ताब्यात घेताना चारही बाजू, टायर आणि मीटरचा व्हिडिओ काढा.
२. उत्तरेकडं जाताना खाड्यांना वळसा घालत बसू नका. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, बागमांडला-वेशवी इथं गाडीसकट फेरीबोटीत चढता येतं. शेवटची बोट किती वाजता, ते आदल्या दिवशीच विचारा. चुकली की मोठा फेरा.

पोरं कितीही मागं लागली तरी गाडी वाळूत घालू नका. रुतली अन् भरती आली, तर दुरुस्ती आपल्याच खिशातून.