लिब्रेऑफिसमधलं तुमचं बटण दुसऱ्याच्या संगणकावर का चालत नाही

मी सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं टाइप करून देते. कोडचा आणि माझा काडीचा संबंध नाही. तरी ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हा अख्खा सांगाडा रायटरमध्ये (लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचातला वर्डसारखा प्रोग्राम) एका बटणावर आणलाय. ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मॅक्रो रेकॉर्डिंग चालू करा (मॅक्रो म्हणजे साठवून ठेवलेली, हवी तेव्हा पुन्हा चालवता येणारी कृती; रेकॉर्डिंग मुळात बंद असतं), एकदा हाताने टाइप करा, रेकॉर्डिंग थांबवा. झालं. “आधी पायथॉन शीक” म्हणणाऱ्या गुरुजनांना लांबूनच नमस्कार करा. रेकॉर्ड केलेला मॅक्रो ओबडधोबड असतो, जाणकार नाकं मुरडतात. मुरडू देत.

स्वतःपुरतं काम इथे संपलं. मॅक्रो दुसऱ्याला द्यायचा असेल, तर पुढचं दोनदा वाचा.

मॅक्रो कुठे ठेवायचा असं विचारणाऱ्या खिडकीत ‘माय मॅक्रोज’ समोरच असतं आणि बोट आपसूक सेव्हवर जातं. ‘माय मॅक्रोज’ म्हणजे तुमच्या संगणकावरचं तुमचं प्रोफाइल (लिब्रेऑफिस तुमच्या सेटिंग्ज ठेवतं ती जागा), फाइल नव्हे. कस्टमाइझमध्ये बटण बनवतानाही ‘स्कोप’मध्ये ‘लिब्रेऑफिस रायटर’ असेल तर बटणसुद्धा तुमच्याच घरी राहतं. टेम्प्लेट (नव्या इतिवृत्तासाठीची साचा-फाइल) मेल केलं की समोरच्याला काहीच दिसत नाही. मग आपण अर्धीच दुरुस्ती करतो: बटण टेम्प्लेटमध्ये, मॅक्रो घरी. हे जास्त वाईट. बटण दिसतं, दाबलं की एरर. मी इथेच अडकले होते. बटणाच्या पोटात मॅक्रोचा पत्ता असतो. त्यात लोकेशन ‘अ‍ॅप्लिकेशन’ असेल तर ते प्रोफाइलमध्ये शोधतं, ‘डॉक्युमेंट’ असेल तरच फाइलमध्ये. म्हणून आधी फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, त्याच फाइलच्या नावाखालच्या ‘स्टँडर्ड’मध्ये मॅक्रो ठेवा, मग स्कोपमध्ये तीच फाइल निवडून नवं बटण बनवा. जुनं बटण पुन्हा वापरू नका. प्लीज.

तपासणी नेहमीच्या प्रोफाइलमध्ये करून उपयोग नाही, तिथे ते चालणारच. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये जा. तिथे प्रोफाइल कोरं असतं, त्यामुळे समोरच्याला काय दिसेल ते कळतं.

तिथेही मॅक्रो अडला तर घाबरू नका. मॅक्रो सिक्युरिटी मुळात ‘हाय’ असते. ती ‘लो’ करायचा सल्ला देणारे व्हिडिओ ताबडतोब बंद करा. टेम्प्लेटसाठी वेगळा फोल्डर करून तेवढाच ‘ट्रस्टेड सोर्सेस’मध्ये टाकायला सांगा.

फॉन्टचं थोडक्यात: ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा वापरा आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधून एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा.

राहिला परवाना. लिब्रेऑफिस मुक्त आहे म्हणून तुमचं टेम्प्लेट आपोआप मुक्त होत नाही. लोकांनी बदलावं, वाटावं असं वाटत असेल तर तसं लिहावं लागतं. मी ‘सीसी बाय-एसए’ (नाव द्या आणि बदललेलं याच परवान्याखाली वाटा, असं सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) लिहिते, तेही प्रॉपर्टीजमध्ये. पहिल्या पानावर लिहिलं, तर सेक्रेटरी इतिवृत्तासकट तेही छापून सूचनाफलकावर लावतात.