ओव्हन तापत नाही? आधी भिंतीकडे बघा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन, बाहेर ४५ अंश, गल्लीतले झाडून सगळे कूलर सुरू. माझ्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर ठेवलेला केक ३५ मिनिटांत व्हायचा, तो ५० मिनिटांनंतरही मधून ओला होता. सुरी घातली की पातेल्यातल्या पिठासारखंच पीठ चिकटून येत होतं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने नॉब दोनदा फिरवून बघितला आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या जागी राखणारा भाग) गेला, नवा टाकावा लागेल, असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, कूलर बंद असताना, त्याच ओव्हनमध्ये तोच केक ३६ मिनिटांत छान फुलून आला.

थर्मोस्टॅट ठणठणीत होता. कमी पडत होतं व्होल्टेज.

तेव्हापासून ओव्हनची कुठलीही तक्रार आली की मी भिंतीपासून सुरुवात करते आणि एकेक पायरी आत जाते. आधी सॉकेट, मग प्लग, वायर, नॉब, रॉड आणि सगळ्यात शेवटी थर्मोस्टॅट. नागपुरात घराघरांत जे ओटीजी आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे. मोठ्या इलेक्ट्रिक रेंजलाही (शेगडी आणि ओव्हन एकत्र असलेल्या) बराचसा लागू पडतो, फक्त तिची जोडणी पक्की असते, त्यामुळे तिथे मेन स्विच बंद करूनच हात लावायचा.

व्होल्टेजचं गणित

रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टला १६०० वॉट देणारा ओव्हन २०० व्होल्टला साधारण १२१० वॉटच देतो. म्हणजे व्होल्टेज १३ टक्के उतरलं की उष्णता जवळपास चौथ्या हिश्शाने उतरते. एरवी दहा मिनिटांत तापणारा ओव्हन मग पंधरा-वीस मिनिटं घेतो. मी त्या दुपारी घड्याळ लावून दहाव्या मिनिटाला केक आत ठेवला होता, ओव्हन तेवढा तापलेलाच नव्हता.

उपाय सोपा आहे. प्रीहीट घड्याळावर मोजू नका, लाल दिवा विझेपर्यंत थांबा. त्यानंतरही पाच मिनिटं जाऊ द्या, म्हणजे आतला पत्राही तापतो. उन्हाळ्यात बेकिंग सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा करा. पंखा मंद फिरतोय, ट्यूब लुकलुकतेय असं दिसलं तर त्या वेळी ओव्हन लावूच नका.

दिव्याबद्दल एक गैरसमज मला फार वेळा ऐकू येतो: ‘ओव्हन मधेच बंद पडतो.’ दिवा विझणं म्हणजे ठरवलेलं तापमान आलं. थोडं उतरलं की टक् असा बारीक आवाज येतो आणि दिवा पुन्हा लागतो. हे व्हायलाच हवं.

प्लग आणि सॉकेट

१६०० वॉटचा ओव्हन सुमारे ७ अँपिअर करंट खेचतो. त्यासाठी मोठ्या पिनांचा, १६ अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत अजून ५ अँपिअरचे बोर्ड दिसतात, आणि त्यात अडॅप्टर घालून ओव्हन लावला जातो. कृपा करून हे करू नका. एक्स्टेन्शन बोर्डही नको.

ओव्हन वीस मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावा. पिनांना लावू नका, त्या भाजतात. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आतला संपर्क ढिला आहे. मग पिना उजेडात धरून बघा. चांगली पिन पितळेसारखी पिवळी चमकते. ढिल्या सॉकेटातली पिन आधी तांबूस, मग निळसर आणि शेवटी काळी पडते, आणि सहसा एकच पिन काळी असते. सॉकेटच्या त्या भोकाभोवतीही तपकिरी वर्तुळ उमटलेलं दिसेल, नाक जवळ नेलं तर जळक्या प्लास्टिकचा वास येईल.

इथे लोक फक्त प्लग बदलतात. सॉकेटची आतली पट्टी तापून सैल झालेली असते, ती नव्या पिनेलाही महिन्याभरात काळी करते. दोन्ही एकत्र बदला. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या. ओव्हनचं शरीर पत्र्याचं असतं, अर्थ नसेल तर त्याला हात लावणं धोक्याचं.

वायर पूर्ण लांबीची नजरेखालून घाला. कट्ट्यामागे उंदरांनी कुरतडलेली वायर मी स्वतः बघितली आहे, वरून टेप लावून ती चालवू नका.

नॉब

ओव्हन अजिबात लागतच नसेल तर मी नेहमी आधी हेच विचारते: टायमर फिरवला का? ओटीजीतला टायमर हा नुसता घंटी वाजवणारा नाही, तोच स्विच असतो. शून्यावर असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही वीज आत जात नाही. आठ-दहा मिनिटांसाठी लावायचं असेल तर आधी वीसच्या पुढे नेऊन मग मागे आणा, नाहीतर स्प्रिंगला पूर्ण ताण बसत नाही. फंक्शनचा, म्हणजे वरचे की खालचे रॉड ते निवडायचा नॉब ‘बंद’वर तर नाही ना, तेही बघा.

रॉड

स्वयंपाकघरातला दिवा मालवा. ओव्हन २५० अंशांवर ठेवून आधी फक्त वरचे रॉड, मग फक्त खालचे लावा आणि काचेतून बघा. चांगला रॉड दोन-तीन मिनिटांत मंद लाल होतो. खालचे थंड असतील तर केकचा वरचा भाग काळा आणि तळ कच्चा, वरचे थंड असतील तर उलट. पुष्कळदा लोक याला रेसिपीचा दोष समजतात. काही मॉडेलांत एका बाजूचे दोन रॉड एकाच ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की दोन्ही थंड पडतात. दोन्ही बदलायची घाई करू नका.

घरी मल्टीमीटर असेल आणि तो वापरायची सवय असेल, तर प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर मोजा. ८०० वॉटच्या जोडीचा रोध साधारण ६६ ओहम यायला हवा. काहीच आलं नाही तर तार तुटली. सवय नसेल तर मागचा पत्रा उघडू नका.

थर्मोस्टॅट, साखरेने

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो उत्तम. नसेल तर साखर आहेच. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या दोन छोट्या वाट्यांत एकेक चमचा साखर घ्या. ओव्हन १७५ वर नीट तापवून पहिली वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा, दाणे कोरडे आणि सुटे राहायला हवेत. मग १९० वर दुसरी. तिची कड पारदर्शक होऊन साखर पाघळायला हवी. १७५ लाच पाघळली तर ओव्हन जास्त तापतो, १९० लाही दाणे तसेच राहिले तर कमी.

दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर नवा थर्मोस्टॅट घेऊ नका. मी माझ्या नॉबशेजारी ‘१५ जास्त ठेव’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, घरात कुणीही लावलं तरी चुकत नाही. पण दिवा कधी विझतच नाही आणि ओव्हन तापतच जातो, असं झालं तर लगेच प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. जुना भाग समोर मोजून दाखवायला सांगा, नंतरच नव्याचे पैसे द्या.

सफाई

खालचा चुऱ्याचा ट्रे दर वेळी झटका. त्यावर फॉइल अंथरू नका, उष्णता अडते आणि खालचे रॉड नको तितके तापतात. ओव्हन उच्च तापमानावर वापरणाऱ्यांनी, म्हणजे रोडगे किंवा पनीर टिक्का नेहमी करणाऱ्यांनी, महिन्यातून एकदा आतून पुसायलाच हवा. तुपाचा थर साचला की धूर येतो.

थंड, प्लग काढलेल्या ओव्हनमध्ये खायच्या सोड्याची दाट पेस्ट भिंतींना लावा. रॉड आणि थर्मोस्टॅटची बारीक नळी मोकळी ठेवा. रात्रभर राहू द्या, सकाळी ओल्या फडक्याने पुसा, उरलेल्या पांढऱ्या डागांवर व्हिनेगर. तारेची घासणी नको, आतला मुलामा खरवडला की गंज धरतो. रॉडवर काही सांडलं असेल तर रिकामा ओव्हन दहा मिनिटं चालवून ते जळू द्या आणि थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने झटका. गरम काचेवर ओलं फडकं कधीही नाही, तडकते.

पावसाळ्यानंतर

पावसाळाभर ओव्हन खोक्यात राहतो आणि दिवाळीच्या नानकटाईला बाहेर येतो, तेव्हा लावल्याबरोबर ईएलसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पडते. रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती हवेतला दमटपणा शोषते आणि करंट पत्र्यात झिरपतो. ईएलसीबी आपलं काम करते आहे, तिला बाजूला काढून किंवा बिनअर्थच्या सॉकेटवर ओव्हन चालवू नका. मेकॅनिक रॉड सुकवून मोजतो, नाहीच जमलं तर बदलतो.

हे टाळायचं तर जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा ओव्हन १०० अंशांवर अर्धा तास रिकामा चालवा, दार बोटभर उघडं ठेवून. सुरुवातीला काचेच्या आतल्या बाजूने बारीक धुकं धरतं. ते खालच्या कोपऱ्यातून विरायला लागतं आणि काच स्वच्छ होते, तोवर बंद करू नका.