सिल्की घरी आणली, अंडं कधी देणार?

दिवाळी उरकली की सिल्की जातीच्या कोंबडीची खरेदी वाढते. पावसाळ्याची ओल सरलेली असते, हवा बरी असते, आणि कुणाच्या तरी परसात लोकरीच्या गुंड्यासारखी पांढरीशुभ्र कोंबडी पाहून घरातली मुलं हट्टाला पेटलेली असतात. कोंबडी येऊन आठवडा होत नाही तोच प्रश्न येतो, "अंडं का देत नाही?" मार्गशीर्षात याचं उत्तर बहुतेकांना एकच द्यावं लागतं: तिला आधी रुळू द्या. गावरान सांभाळायच्या पद्धतीनं सिल्की सांभाळली तर ती रुळत नाही, आणि रुळल्याशिवाय अंड्यावर येत नाही.

ही मूळची चीनकडची जात. तिकडे तिला 'काळ्या हाडाची कोंबडी' म्हणतात. वरून पांढरी असली तरी पिसं बाजूला करून पाहा, कातडी काळसर निळी दिसेल. आपल्या ओळखीच्या झाबुआच्या कडकनाथात जो काळेपणा आहे, तोच हा. पायाला चारऐवजी पाच बोटं असतात. पण सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिसं. गावरानच्या पिसांना बारीक आकड्या असतात, त्या एकमेकींत अडकून पीस सपाट आणि घट्ट राहतं. सिल्कीच्या पिसांत त्या आकड्यांची पकड नाही. म्हणून पीस रेशमासारखं सुटं राहतं, पाणी ओघळून न जाता आत मुरतं, आणि पंख असूनही तिला उडता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आधी एक खात्री करून घ्या: आणलेली ती कोंबडीच आहे ना? सिल्कीत नर-मादी ओळखणं पाच-सहा महिन्यांपर्यंत अवघड जातं आणि पुष्कळ जण फसतात. मादीच्या डोक्यावरचा झुबका गोल, भरगच्च असतो. नराच्या झुबक्यातली काही पिसं लांब होऊन मागे वळलेली दिसतात, आणि अक्रोडासारखा खडबडीत तुरा लवकर मोठा होतो. दुसरं, वय विचारा. सिल्की साधारण सात ते नऊ महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते. पाच महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आणून महिनाभरात अंड्याची वाट पाहिली तर निराशाच पदरी पडेल. विकणाऱ्याकडून ती खात असलेलं खाद्य दोन किलो तरी मागून आणा. नवं खाद्य आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला. जागा, माणसं, सोबत आणि खाणं, सगळं एका दिवशी बदललं की अंडी देणारी कोंबडीसुद्धा तीन ते सहा आठवडे बंद पडते.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ विरघळवा. खाद्य आणि पाणी तिच्यासमोर ठेवा आणि तिला एकटं सोडा. पाहुण्यांना दाखवायला हातात घेणं, मुलांनी मांडीवर बसवणं, हे सगळं पंधरा दिवसांनी. पहिले दोन-तीन दिवस ती कोपऱ्यात मान आखडून बसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ती खाते की नाही हे डोळ्यांनी पाहा, अंदाजानं ठरवू नका. संध्याकाळी बंद करताना पोटी, म्हणजे खाल्लेले दाणे साठतात ती पिशवी, चाचपायची. मानेच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला ती भरलेली, लिंबाएवढी लागली पाहिजे. सकाळी ती रिकामी झालेली असावी.

माझ्याकडे पहिल्यांदा आणलेल्या चारपैकी एक तिसऱ्या दिवशीही भांड्याकडे फिरकेना. डोळे मिटल्यासारखी उभी राहायची. मी आजारी समजून तिला वेगळी काढली, डॉक्टरांना फोन लावायला निघाले, आणि तिला उचलताना झुबका बोटांनी वर गेला तर खाली डोळे टक्क उघडे. पिसांच्या पडद्यामुळे तिला समोरचं काही दिसतच नव्हतं. मुलीच्या केसांचं छोटं रबर घेऊन झुबका सैलसर बांधला आणि खाली ठेवली. दोन पावलं गेली, थांबली, मान तिरकी करून भांड्याकडे पाहिलं आणि जी पाण्याला लागली ती किती वेळ मान वर काढेना. तेव्हापासून नव्या सिल्कीचे डोळ्यांपुढचे केस मी पहिल्याच दिवशी बोथट कात्रीनं कापते. डोळ्याकडे टोक न नेता, बाहेरच्या दिशेनं, थोडेच. दिसत नसलेली कोंबडी खात नाही, दुसरीच्या चोचीतून सुटत नाही, आणि वरून झेप घेणारी घार तर तिला कळतच नाही.

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नवीला किमान तीन आठवडे, शक्य तर महिनाभर वेगळ्या खुराड्यात ठेवा. भांडी वेगळी ठेवा, आणि जुन्या कोंबड्यांचं आधी उरकून मग नवीकडे जा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि देवीची लस झाली आहे का ते विचारा. झाली नसेल किंवा विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या. ही कामं अंड्यावर येण्याआधी उरकलेली बरी. याच काळात शेणाच्या जागेभोवतीची आणि झुबक्याखालची पिसं फुंकर मारून पाहा. पिसांच्या मुळाशी उवा आणि लिखांचे पांढरे गुच्छ दिसतात. पायावरच्या खवल्या उचललेल्या, खरबरीत दिसल्या तर ती खरूज समजा. सिल्कीच्या पायावर पिसं असल्यामुळे ती उशिरा लक्षात येते. पाय कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि आठवड्यातून दोनदा व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. रॉकेल लावायचा जुना उपाय कृपा करून करू नका, कातडी जळते. पाचव्या बोटाची नखी जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ती वाढून वळते. तीही याच वेळी पाहून घ्या.

मग जुन्यांत मिसळताना आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना दिसू द्या. नंतर रात्री अंधारात आत सोडा. शक्यतो एकटी सिल्की गावरानच्या कळपात टाकू नका, दोन तरी असाव्यात. काही सिल्कींच्या टाळूचं हाड फुगीर आणि नाजूक असतं. तापट गावरान कोंबडा झुबका चोचीत धरून चढला किंवा कोंबड्यांनी डोक्यावर टोचलं तर इजा थेट आत पोचते. टोचणारा कोंबडा असेल तर मिसळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खुराड्यात उंच दांडी नको. ती वर चढू शकत नाही, आणि उडी मारून उतरताना पाय दुखावतो. वीतभर उंचीची फळी पुरे, पुष्कळशा तर खालीच एकमेकींना चिकटून झोपतात. म्हणून खालची गादी कोरडी पाहिजे: भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, चार बोटं जाड, दोन दिवसांनी हलवलेला. पाणी सांडून तो ओला झाला तर तेवढा लगेच बदला, कारण पायाची पिसं ओली राहिली की बोटांत घाणीचे गोळे धरतात. निफाडकडच्यासारखी थंडी असेल तर वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. पण छताखालची वीतभर फट उघडी राहू द्या. सकाळी दार उघडल्यावर कोंडलेल्या शेणाच्या वासानं तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर रात्रभर तिच्या डोळ्यांना काय झालं असेल ते समजा. या दिवसांत नव्या कोंबडीला अंघोळ घालू नका. घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती द्या, ती स्वतःच लोळून साफ होते.

खाण्यात या हंगामाचा एक मोठा धोका आहे, तो म्हणजे नवा मका. काढणीच्या वेळी पाऊस लागलेला, नीट न वाळलेला मका आणि शेंगदाणा पेंड यांना बुरशी धरते. तिचं विष यकृतावर जातं आणि मग अंडी बंद पडतात. कणसाच्या तळाशी हिरवट-काळी पूड दिसली किंवा दाण्याला कुबट वास आला तर वरवर निवडून देऊ नका, टाकून द्या. अंड्यावर येणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनांचं लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य द्यावं. अजून लहान असेल तर ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबडीचं, खाद्य, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. लेअर खाद्यातलं कॅल्शियम तलंगेच्या मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून घाई नको. शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास रोज मूठभर. शिळा भात आणि पाव यांनी पोट भरतं, पण अंडं घडत नाही. पिसं गळत असतील तर तिची सगळी प्रथिनं नव्या पिसांकडे जात आहेत हे लक्षात घ्या, त्या काळात अंड्याची अपेक्षा ठेवू नका.

आता उजेडाचं. पुण्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास तो ११ तासांवर येतो. दिवस आखूड झाला की कोंबडीचं शरीर अंडं थांबवतं. संक्रांतीनंतर दिवस जाणवण्याइतका वाढू लागतो, आणि दिवाळीनंतर आणलेल्या, वयात आलेल्या सिल्की साधारण तेव्हाच सुरू होतात. म्हणून पहिला महिना मी तरी दिवा लावत नाही. त्यानंतर लावायचा असेल तर पहाटे लावा: दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण १४ तास उजेड, वर्तमानपत्र वाचता येईल इतका. संध्याकाळी लावला आणि वीज गेली, तर एकदम अंधार होऊन सिल्की जिथे असेल तिथेच अडकते. दिव्याची वेळ रोज एकच हवी. लोडशेडिंगमुळे ती सांभाळता येत नसेल तर लावू नका, नैसर्गिक उजेडच बरा.

अंडं जवळ आलं हे कसं कळतं? गावरानचा तुरा लालबुंद होतो, सिल्कीचा तुरा मुळातच जांभळट, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिला काखेत धरा आणि शेणाच्या जागेखालची दोन टोकदार हाडं चाचपा. त्यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जात असेल तर वेळ आहे. दोन बोटं सहज मावली आणि ती जागा ओलसर, रुंद लागली तर अंडं जवळ आहे. पाठीवर हात ठेवताच ती पंख पसरून खाली बसत असेल तर आणखी पक्कं. त्याच दिवशी जमिनीलगत, अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद खोका ठेवा, पुढची कड चार बोटांहून उंच नको. आत वाळलेलं गवत आणि एक लाकडी अंडं किंवा पिंगपाँगचा चेंडू ठेवा. पहिली अंडी लहान, फिकट बदामी असतात. एखादं मऊ कवचाचं निघालं तर शिंपला वाढवा. मात्र शेपूट खाली टाकून, ताठ उभी राहून ती जोर करत असेल आणि तासाभरात काही निघालं नाही, तर अंडं अडकलं असू शकतं. कोमट पाण्यात तिची मागची बाजू पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, नंतर पूर्ण कोरडी करा, उबेत ठेवा, आणि तरीही न निघाल्यास लगेच डॉक्टरांकडे न्या. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर कोंबडी वाचवणं कठीण होतं.

सुरू झाल्यावर सिल्की वर्षाला साधारण शंभराच्या आसपास अंडी देते. अंड्यांच्या धंद्यासाठी ही कोंबडी नव्हे. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, मग खोक्यातून उठवलं तर फुगते, चोच मारते आणि पुन्हा तिथेच जाऊन बसते. अंडीच हवी असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, खालून हवा लागली पाहिजे, खाणं-पाणी भरपूर. नाकपुडीत पीस खोचणं, पाण्यात बुचकळणं, हे जुने उपाय तिच्या जिवावर बेततात. पण माझं म्हणाल तर तिला बसू द्या. तिच्यासारखी आई दुसरी मिळत नाही. गावरानची सहा-सात अंडी खाली ठेवा, २१ दिवस. रोज एकदा तरी ती खायला उठते का ते पाहा, उठत नसेल तर हातानं उचलून खाद्यापाशी ठेवा. माघाच्या सुरुवातीला बसवलीत तर साधारण फेब्रुवारीअखेर पिल्लं निघतात, आणि उन्हाचा कडाका चढेपर्यंत त्यांना पिसं फुटलेली असतात. त्या पहिल्या दहा दिवसांत पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि आत चार खडे टाका, आईच्या पायांच्या पिसांत अडखळून पिल्लू पाण्यात पडतं.